नोटीस निघाली, पोचली कुणाला?

१ मार्च २०२४ पासून आपल्या देशात वर्तमानपत्र काढण्याचा कायदा बदलला. १८६७ चा, म्हणजे इंग्रजी अमदानीतला जुना कायदा गेला आणि त्याच्या जागी २०२३ चा प्रेस व नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला. पूर्वी साधे साप्ताहिक काढायचे म्हटले तरी आधी नावाची मंजुरी, मग दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र, मग दिल्लीहून नोंदणी क्रमांक, अशा खेपा घालाव्या लागत. आता अर्ज संगणकावरूनच करायचा आहे. दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहायचे कारण उरलेले नाही.

म्हणजे पेपर काढणे सोपे झाले. तो टिकवणे मात्र पूर्वीइतकेच अवघड आहे. कायदा बदलल्याची बातमी आली आणि गेली; देहूरोडच्या बाजारात किंवा वडगावच्या कचेरीत तिची चर्चा झाली असेल असे वाटत नाही. ‘पेपरवाल्यांचा कायदा, आपल्याला काय त्याचे?’ असे कुणीही म्हणेल. पण देहूरोड ते लोणावळा या पट्ट्यात ज्याची गुंठाभर जमीन आहे, ज्याने इथे घर बांधले आहे किंवा बांधायचे म्हणतो आहे, त्याचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. तो कसा, ते आधी पाहू.

मुदत कागदावर, माणूस शेतावर

जमिनीचे आपले सारे कायदे एका गृहीतावर उभे आहेत. सरकारने नोटीस काढली म्हणजे ती लोकांना कळली, असे ते गृहीत. सातबारावर फेरफाराची नोंद घालायची असेल तर तलाठी चावडीवर नोटीस लावतो आणि हरकतीसाठी १५ दिवस देतो. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल तर १९५६ च्या कायद्याने अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो आणि हरकतीला २१ दिवस मिळतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ही मुदत ६० दिवसांची आहे. त्यापूर्वीच्या १८९४ च्या कायद्यात ती ३० दिवसांची होती.

मुदत संपली की हरकतीचा दरवाजा बंद. मग वकील, तारखा आणि खेटे. चावडीवरचा कागद पावसाने गळून पडला, शेरडाने खाल्ला किंवा वाचणाराच गावात नव्हता, तरी दिवस मोजायचे थांबत नाहीत.

२०१३ च्या कायद्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्राथमिक अधिसूचना त्या भागात खप असलेल्या दोन दैनिकांत आली पाहिजे आणि त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले असले पाहिजे, असे तो सांगतो. ग्रामपंचायतीत, तहसील कचेरीत आणि संकेतस्थळावरही ती लावायची असते. उद्देश चांगला आहे. पण ‘त्या भागात खप’ म्हणजे किती खप? पुण्यात हजारो प्रती खपणारे दैनिक पवन मावळातल्या वाडीवर एकाही घरात येत नसेल, तरी कायद्याची पूर्तता झालीच. शिवाय कायदा दैनिक म्हणतो. तालुक्याचे साप्ताहिक त्या वाडीवर नेमाने जात असले, तरी या कामासाठी ते मोजले जात नाही.

म्हणून नोटीस निघणे आणि नोटीस पोचणे या दोन गोष्टींच्या मधे एक मोठा खड्डा आहे. तो बुजवण्याचे काम आजवर गावाच्या, तालुक्याच्या छोट्या पेपराने केले. मोठ्या दैनिकात आतल्या पानावर बारीक टायपात आलेली नोटीस त्याने उचलायची, गट नंबर आणि गावांची नावे ठळक करायची, हरकत कुठे नि कधीपर्यंत द्यायची ते सोप्या भाषेत सांगायचे. हे काम दिसायला किरकोळ आहे. पण एखाद्याची जमीन त्यावर वाचते किंवा जाते.

रेड झोनचा धडा

देहूरोडकरांना याचे उदाहरण लांब शोधायला नको. इथल्या दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्डांचा पट्टा संरक्षण खात्याने बांधकामाला बंद केलेला आहे. आपण त्याला ‘रेड झोन’ म्हणतो. त्यामागचा कायदा १९०३ चा. कोठाराची अधिसूचना २००२ सालची. कायद्याप्रमाणे तिचा सारांश जिल्हाधिकाऱ्यांनी त्या भागात सोयीच्या ठिकाणी जाहीर करायचा असतो.

आता निगडी, तळवडे, किवळे या बाजूला फिरून बघा. कारखान्यात आयुष्य घालवून, भविष्य निर्वाह निधी मोडून अर्धा गुंठा, एक गुंठा घेणारी माणसे इथे भेटतील. जागा विकणाऱ्याने रस्ता दाखवला, नळ दाखवला, लाइटचा खांब दाखवला. २००० यार्डांची रेषा दाखवली नाही. खरेदीखत झाले म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली, असा अनेकांचा समज होता. घराला नोटीस लागल्यावर किंवा बँकेने कर्ज नाकारल्यावर ‘रेड झोन’ हा शब्द त्यांच्या कानी पडला. अधिसूचना राजपत्रात होती, नकाशा कचेरीत होता. घेणाऱ्याच्या हातात यातले काहीच नव्हते.

इथे नेमाने निघणारा, गावोगाव वाचला जाणारा पेपर दर तीन महिन्यांनी नुसता गट नंबरांचा तक्ता छापत राहिला असता, तर सगळीच फसवणूक थांबली असती असे नाही. पण विचारणाऱ्याला विचारता आले असते, ‘भाऊ, हा गट त्या यादीत आहे का?’ एवढ्या एका प्रश्नाने कितीतरी व्यवहार मोडले असते, आणि ते मोडायलाच हवे होते.

ना ग्रामसभा, ना निवडलेले मंडळ

देहूरोडची अडचण शेजाऱ्यांहून वेगळी आहे. तळेगाव आणि लोणावळ्याला नगरपरिषद आहे, देहूगावला नगरपंचायत झाली, मावळातल्या खेड्यांना ग्रामपंचायत आहे. देहूरोड मात्र कॅन्टोन्मेंट. किन्हई, चिंचोली, शेलारवाडी, मामुर्डी ही जुनी गावे त्याच हद्दीत. या गावांत शेती आहे, यात्रा आहे, भावकी आहे. ग्रामसभा तेवढी नाही.

कॅन्टोन्मेंट बोर्डात निम्मे सदस्य तरी लोकांनी निवडलेले असत. त्या मंडळांची मुदत २०२१ च्या फेब्रुवारीत संपली. पुढे ३० एप्रिल २०२३ ला देशातल्या ५७ कॅन्टोन्मेंटच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि मतदानाआधीच, मार्चमध्ये, त्या रद्दही झाल्या. त्याच सुमारास लष्करी छावण्यांतल्या नागरी वस्त्या शेजारच्या महापालिकांत घालण्याचे धोरण पुढे आले. घरपट्टी कोण लावणार, पाणी कोण देणार, जुन्या भाडेपट्ट्यांचे काय होणार, हे प्रश्न देहूरोडच्या प्रत्येक घरातले आहेत. ते विचारायला वॉर्डाचा निवडलेला माणूस नसेल, तर निदान ते छापणारे एखादे पान तरी गावात हवे.

पुण्यात बंद, तरवडीत चालू

छोटा पेपर छोट्या गावात टिकतच नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातली एक हकीकत सांगतो.

भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर. तिथल्या कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक काढले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस. शेतकरी, कष्टकरी यांची बाजू मांडणारा पेपर हवा म्हणून त्याने पदरचे घालून तो चालवला. पुण्यासारख्या छापखान्यांच्या शहरात तो तीन वर्षे कसाबसा चालला. तोटा सोसेना, तेव्हा १८८० मध्ये तो मुंबईला नारायण मेघाजी लोखंड्यांकडे गेला. गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून पुढे ज्यांचे नाव झाले, तेच हे लोखंडे.

त्या ‘दीनबंधु’तही एक पेच उभा राहिला. फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ छापायला घेतला गेला. सुरुवातीचा भाग आला आणि पुढचा मजकूर छापायचे थांबले. मजकूर फार जहाल होता. फुले संतापले. आपल्या माणसाने, आपल्या चळवळीसाठी चालवलेला पेपरसुद्धा कधी कधी कचरतो, हे त्यातून घ्यायचे.

आता पुढचे ऐका. या भालेकरांचे पुत्र मुकुंदराव. ते दत्तक गेले आणि मुकुंदराव पाटील झाले. त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केले. आधी सोमठाणे आणि मग नेवासे तालुक्यातले तरवडी ही त्याची गावे. तरवडी म्हणजे ना शहर, ना तालुक्याचे ठिकाण. अशा खेड्यातून हा पेपर १९६७ पर्यंत, म्हणजे मुकुंदरावांच्या निधनापर्यंत चालला. एकूण ५७ वर्षे! बापाचा पेपर पुण्यात तीन वर्षांत अडला आणि मुलाचा खेड्यात अर्ध्या शतकाहून अधिक टिकला. दोन महायुद्धे, स्वातंत्र्य, कुळकायदा, संयुक्त महाराष्ट्र. हे सारे त्या खेड्यातल्या पेपरच्या हयातीत घडले.

हे कशामुळे झाले? मुकुंदरावांच्या मागे सत्यशोधक मंडळींचे गावोगावचे जाळे होते, हे एक कारण. दुसरे कारण विषयांचे. सावकाराचे व्याज, कुलकर्ण्याचे दप्तर, भटभिक्षुकीचा खर्च. ज्याने शेतकरी नागवला जात होता तोच त्यांचा विषय. गावच्या दप्तरातली करामत त्यांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ या काव्यातून उघडी केली. तो काळ कुलकर्णी वतनाचा. नोंद कशी फिरते, वाचता न येणाऱ्याचा अंगठा कुठे घेतला जातो, हे खेड्यात राहणाऱ्यालाच ठाऊक असते. तिसरे कारण सर्वांत साधे. संपादक वाचकांच्या शेजारी राहत होता. चुकीचे छापले तर दुसऱ्या दिवशी पारावर जाब विचारणारा माणूस उभा. अशा पेपराला मुळूमुळू लिहून चालत नाही आणि वाटेल ते लिहूनही चालत नाही.

लोकांनी मुकुंदरावांना ‘दीनमित्रकार’ हीच पदवी दिली. आज तरवडीत त्यांचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात.

आपल्या पट्ट्याचे देणे

मावळाला आणि देहूरोडला छापील शब्दाची परंपरा नाही, असे कुणी समजू नये. तळेगाव दाभाड्याला समर्थ विद्यालय चालवणारे प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर हे ‘ग्रंथमाला’ आणि ‘विश्ववृत्त’ या मासिकांचे संपादक. १९०८ मध्ये ‘विश्ववृत्ता’त पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख आला आणि सरकारने त्यात राजद्रोह पाहिला. लेख सातवळेकरांचा, पण संपादक म्हणून विजापूरकरांना शिक्षा झाली. छापणाऱ्याचीही सुटका झाली नाही. १९१० मध्ये सरकारने त्यांच्या विद्यालयावरही कुऱ्हाड चालवली. छापील अंकाच्या तळाशी संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे असतात. या नावांना कधी काळी तुरुंगाचे मोल होते.

देहूरोडला तर २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. दर वर्षी त्या दिवशी इथे लोक लोटतात. याच बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने घेतली नव्हती. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले, तेव्हा पानेच्या पाने त्यांना एकट्याने लिहावी लागली. पैशाअभावी दोन्ही पत्रे बंद पडली. तरी ‘जनता’ आणि मग १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ ही वाट त्यांनी सोडली नाही. दुसऱ्याच्या पेपरात आपल्याला जागा मिळत नाही, आपले पान आपणच काढायचे, हे त्यांनी ओळखले होते. २५ डिसेंबरला देहूरोडला येणाऱ्या प्रत्येकाने हीही आठवण ठेवावी.

गोळी चालली की बातमी

मोठ्या दैनिकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना सारा जिल्हा, सारे राज्य पाहायचे असते. मावळची बातमी पहिल्या पानावर केव्हा आली? ९ ऑगस्ट २०११ ला. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी देशभर मावळचे नाव झाले.

त्याआधीची वर्षे मात्र बिनआवाजाची गेली. जलवाहिनी कुठून जाणार, कुणाचा बांध जाणार, धरणात जमिनी गेलेल्यांचे जुने पुनर्वसन किती बाकी आहे, नदीकाठच्या उपशाचे काय, हे प्रश्न बैठकांत, निवेदनांत, ग्रामसभांच्या ठरावांत फिरत होते. असे प्रश्न आठवड्याला आठवडा छापत राहणे हे स्थानिक पेपरचे काम. वाद रस्त्यावर येण्याआधी कागदावर आला, तर कचेरीला ऐकावे लागते. गोळीबाराने बातमी होते. ती होऊ नये म्हणून छोटी बातमी लागते.

साप्ताहिक का आटले?

तुमच्यापैकी जाणत्यांना जुने तालुका साप्ताहिक आठवत असेल. चार पाने, खिळे जुळवून ट्रेडलवर छापलेली. अंक टपालाने सवलतीच्या दरात जाई, वर्गणी मनीऑर्डरने येई. पुढे ऑफसेट आले, संगणकावर अक्षरजुळणी आली, छपाई देखणी झाली. पण खर्च वाढला आणि वर्गणी मागायची लाज वाटू लागली. मग उत्पन्नाच्या तीन वाटा राहिल्या: सरकारी जाहिरात, वकिलांच्या जाहीर नोटिसा आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस.

सरकारी जाहिरातीसाठी शासनमान्य यादीत नाव लागते. वाढदिवसासाठी पुढाऱ्याची मर्जी लागते. ज्याच्या फोटोवर पान चालते, त्याच्या प्लॉटिंगवर त्या पानात काय येणार? संपादक वाईट होता असे नाही. वाचकाने पैसे देणे थांबवले आणि दुसऱ्याने सुरू केले, एवढेच घडले. जो पैसे देतो, त्याचे पान.

आणि मग मोबाइल आला. आज प्रत्येक गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. वीज कधी जाणार, मयत कुणाची, बिबट्या कुठे दिसला, हे क्षणात कळते. त्याची किंमत कमी लेखू नये. पण ग्रुपवर आलेल्या नोटिशीखाली कुणाचे नाव असते? खोटी निघाली तर जबाबदार कोण? दोन वर्षांनी कोर्टात दाखवायची झाली तर सापडणार कुठे? फोन बदलला की गावाचा इतिहास गेला. छापील अंक ग्रंथालयात राहतो, त्याला तारीख असते, त्याखाली नाव असते.

करायचे काय?

यासाठी मोठे भांडवल लागत नाही. हिशेब करून पाहा. देहूरोड आणि आसपासच्या गावांत ५०० घरांनी वर्षाला ५०० रुपये वर्गणी दिली, तर अडीच लाख होतात. महिन्याला सुमारे २१ हजार. त्यात कुणी श्रीमंत होणार नाही; पण वाढदिवसाच्या जाहिरातीसाठी कुणाच्या दारात उभे राहायची वेळ कमी येईल. नव्या कायद्याने नोंदणीही घरबसल्या होते.

असा पेपर निघाला, किंवा आहे तो सुधारायचा ठरला, तर त्यात चार गोष्टी दर अंकाला हव्यात. गट नंबर, गाव आणि हरकतीची शेवटची तारीख यांसह आठवड्यातल्या सर्व जमीन-नोटिसांचा तक्ता. कॅन्टोन्मेंट, पंचायत समिती आणि ग्रामपंचायती यांचे ठराव. रेशन, दाखले, पाणी यांबद्दलच्या तक्रारी, कचेरीच्या उत्तरासह. आणि मागच्या अंकातल्या चुकीची दुरुस्ती. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. कचेरीतून कागद काढायला तेवढे पुरे.

वाचकांकडेही एक काम आहे. आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक पेपरची फाइल ठेवायला सांगा. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. ज्या वर्षी तरवडीचा ‘दीनमित्र’ थांबला, त्याच वर्षी गावोगाव ग्रंथालयांना अनुदानाची वाट मोकळी झाली. ती कपाटे नुसत्या कादंबऱ्यांसाठी नाहीत.

ग्रामपंचायतींनीही ठराव करून मागणी करावी, की मावळातली प्रत्येक भूसंपादन नोटीस दोन दैनिकांबरोबर तालुक्याच्या साप्ताहिकालाही पाठवावी. कायदा तसे करायला सांगत नाही. पण करू नका असेही म्हणत नाही. ग्रामसभा २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला भरतात. पुढची जी येईल तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. देहूरोडकरांना ग्रामसभा नाही. त्यांनी निवेदन कॅन्टोन्मेंट कचेरीत द्यावे आणि त्याची पोच घ्यायला विसरू नये.